कागदावरचं नाव

हँड्सवर्थ, बर्मिंगहॅम
५ फेब्रुवारी १९७८

पन्सी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र तसंच कचऱ्याच्या डब्यात टाकायचा विचार असेल, तर जरा थांब. माफी मागायला लिहीत नाही. काम आहे म्हणून लिहिते आहे.

तुझा पत्ता सिस्टर मर्टलने दिला. टोरांटोला लेकाकडे राहून आल्यापासून चर्चमध्ये तिच्या तोंडी दोनच विषय असतात, तिथला बर्फ आणि तुझं शिवणाचं दुकान. दारावर तुझ्या नावाची पाटी आहे म्हणे. पाटीवर कुठलं नाव आहे विचारलं, तर तिला आठवेना. नाताळची कार्डं तुझ्या जुन्या पत्त्यावर आठ वर्षं पाठवत होते. एकही परत आलं नाही, म्हणून मिळाली असतील असं धरते.

काम असं. आपली आयोनी आता विसाची झाली. इथल्या सल्ला केंद्रात बसते आणि लोकांच्या तक्रारी लिहून देते. दोन वर्षांपूर्वी नवा कायदा आला, तो तुझ्या कानावर असेलच. काळ्या माणसाला कामावरून, घरावरून डावललं तर त्याला आता स्वतः न्यायाधिकरणापुढे उभं राहता येतं. आयोनी म्हणते, "ममा, तुमच्या वेळी वर्णभेदाच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी मंडळाच्या पायऱ्या चढून वाट बघत बसायचं. आता आपलं भांडण आपण भांडायचं." पोरगी वकिलासारखी बोलते. कुणावर गेली देव जाणे, आमच्या घरात तर कुणी पोलिसाच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

ती लोकांसाठी एक पत्रक काढते आहे, अर्ज कसा भरावा याचं. अर्धे अर्ज नावापायी फसतात म्हणे. तुला ठाऊकच आहे, आपल्या जमैकात माणसाला दोन नावं असतात. एक हाक मारायचं आणि एक कागदावरचं, आणि कागदावरचं नाव पाद्री, सरकार आणि मरण एवढ्यांनाच माहीत. आपल्या गावी, लाइम हॉलला, टाटा बोबोच्या मयतात पाद्रीबाबा "आपले दिवंगत बंधू एथेलबर्ट ऑगस्टस" म्हणाले, तेव्हा त्याचा पन्नास वर्षांचा शेजारी टोपी उचलून बाहेर गेला होता. म्हणाला, मी भलत्याच मयताला आलो.

तर आयोनीला पत्रकात आपली गोष्ट घालायची आहे. मी कामाला होते त्या मिसेस थॉर्नलीच्या शिवणकारखान्यात तू काम मागायला आलीस, जागा भरली म्हणून तुला परत पाठवलं, आणि दुसऱ्याच दिवशी एक गोरी पोर त्या मशिनवर बसली. तू मंडळाकडे तक्रार केलीस. मंडळाने मला साक्षीदार म्हणून पत्र धाडलं, "मिस क्लॅरिंडा युजिनी हॉटन यांना आपण ओळखता का?" मी कामावर निघायच्या घाईत होते. म्हटलं, ही कोण बया आता? आणि खरडून टाकलं, या नावाच्या कोणाही व्यक्तीला मी ओळखत नाही. पन्सी म्हणून विचारलं असतं तर मी पंधरा पानं लिहिली असती! तुझी तक्रार त्या एका ओळीने बुडाली.

ही गोष्ट मी नऊ वर्षं सांगत आले. लोक पोट धरून हसतात. पास्टरसाहेबांनी दोनदा प्रवचनात घेतली. तूसुद्धा हसली होतीस तेव्हा, आठवतं ना?

आयोनीला छापायला माझी सही हवी आणि तुझी परवानगी. एका ओळीचं 'हो' पाठव, पुरे आहे.

ब्लॉसम

२६ मार्च १९७८, ईस्टर

पन्सी,

तुझं उत्तर नाही. वाट बघायची सवय मला नव्हती, आता लागते आहे.

आज आयोनीने टेबलावर बन आणि चीज मांडलं, आणि बशीशेजारी तो कागद ठेवला. टाइप केलेला. वर ठळक अक्षरात, "साक्षीदाराला आपलं कागदावरचं नाव सांगून ठेवा." खाली माझी गोष्ट आणि तिच्याखाली सहीसाठी रेघ. म्हणाली, "ममा, वाच आणि सही कर. उद्या छपाईला जातंय." मी म्हटलं, चष्मा सापडत नाही. चष्मा माझ्या डोक्यावर होता. तिने तो काढून माझ्या हातात दिला आणि हसत भांडी घासायला गेली.

तोंडाने सांगताना त्या गोष्टीत हशा असतो. कागदावर ती वाचली आणि हातातला बन बशीत परत ठेवला. म्हटलं, परवा करते सही. छपाई तिने पुढे ढकलली आहे.

पन्सी, मी घाईत नव्हते. मंडळाचं पत्र चार दिवस माझ्याकडे होतं. शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली.

आणि मी काय ऐकलं तेही त्या कागदावर नाही. एकोणसत्तर सालच्या ३ मार्चला, सोमवारी, तू तुझा नमुना घेऊन आलीस. झग्याची बाही, तिच्यावर बारा कापडी बटणं आणि बारा दोऱ्याचे फासे. मिसेस थॉर्नलीने ती बाही खिडकीपाशी नेऊन पाहिली, उलटी करून आतली शिवण पाहिली. तुला म्हणाली, जागा भरली. तू दाराबाहेर गेलीस आणि ती मुकादमीणबाईला म्हणाली, "काम झकास आहे. पण एक आहे तेवढी पुरे. दोन झाल्या की आपसात बोलायला लागतात." एक म्हणजे मी. मी चार हातांवर झग्याचा घेर टाचत होते. माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून मी बोलले नाही असं मी स्वतःला कितीतरी दिवस सांगितलं.

संध्याकाळी आपल्या दोघींच्या खोलीवर मीच तुला ते सगळं सांगितलं. तू मक्याची लापशी ढवळत होतीस. म्हणालीस, "ब्लॉसम, हे बाहेर सांगशील?" मी म्हटलं, "राणीच्या तोंडावर सांगेन." माझ्याच भरवशावर तू तक्रार केलीस.

मग मिसेस थॉर्नलीकडेही मंडळाचे कागद आले. त्या बाईने मला धमकी दिली असती तर बरं झालं असतं, मला निदान चीड आली असती. तिने मला केबिनमध्ये बसवलं, पाहुण्यांच्या कपात चहा दिला. कागदावरच्या नावाने हाक मारत म्हणाली, "अ‍ॅडलिन, तुझी लेक कधी येतेय? नोकरीबद्दलचं माझं पत्र टाइप होऊन पडलंय बघ, सही तेवढी राहिली. या मंडळाच्या कटकटीत मला डोकं वर काढायला वेळ नाही." बस, एवढंच. वर साखर किती घालू म्हणून विचारलं.

ते पत्र म्हणजे काय होतं हे तुला सांगायला नको. आईला कायमची नोकरी आहे असं मालकाने लिहून दिल्याशिवाय लेकराला इकडे येऊ देत नव्हते. आयोनी तीन वर्षांची असताना मी तिला माझ्या आईपाशी सोडून आले होते. ती आता अकरा वर्षांची झाली होती आणि माझी आई अंथरुणाला खिळली होती. त्या महिन्याच्या पत्रात आयोनीने मला "प्रिय मिस टुलक" असा मायना लिहिला होता. शाळेत शिकवला तसा. स्वतःच्या आईला!

चार दिवस मी दोन्ही पत्रांचा विचार केला. पाचव्या दिवशी मंडळाचं उत्तर पेटीत टाकलं. त्याच आठवड्यात मिसेस थॉर्नलीने सही केली.

तू हसली होतीस असं मी गेल्या पत्रात लिहिलं. हसलीस खरी. मी ती टाटा बोबोच्या मयताची गोष्ट सांगितली, म्हटलं, "मला काय ठाऊक तुझं एवढं लांबलचक नाव?" तू हसलीस, आणि मग जिन्यातल्या आपल्या दोघींच्या शेगडीवरून स्वतःचं पातेलं उचलून खोलीत नेलंस. लापशी अजून शिजली नव्हती.

आणखी एक. तू खोली सोडून गेलीस त्या दिवशी माझ्या पलंगावर एक पिवळा फ्रॉक ठेवून गेलीस, अकरा वर्षांच्या मापाचा. तो मी शिवला असं मी आयोनीला सांगितलं. तिने तो अजून जपून ठेवला आहे.

ब्लॉसम

२ एप्रिल १९७८

पन्सी,

गेल्या रविवारी एवढं लिहिलं आणि तरी मुख्य गोष्ट चोरली. पत्र टाकून घरी आले तेव्हाच ती टोचायला लागली. आता लिहून टाकते.

मी तुला भीतीपोटी ओळख दिली नाही, एवढं तर तुझ्या लक्षात आलंच असेल. पण तरीही तुला वाटत असेल, निदान नाव तरी ब्लॉसमला खरंच माहीत नसेल. आपल्याकडे कुणाला कुणाचं माहीत असतं? त्याच आडोशाला मी नऊ वर्षं उभी आहे. दुसऱ्या कुणाला ही सबब सुचलीच नसती आणि आपल्या लोकांत तिच्यावर कुणी शंका घेतली नसती.

एकसष्ट साली इंग्लंडला निघायच्या आदल्या दिवशी तू तुझी तपकिरी पुठ्ठ्याची बॅग घेऊन आमच्या ओसरीवर आलीस. तुला धास्ती, की एवढ्या लोकांत बॅग हरवली तर कोण आणून देईल? तुझं अक्षर मोठं आणि वाकडं, म्हणून तू मला म्हणालीस, "तू लिही, तुझा हात चांगला आहे." मी नारळाच्या करवंटीत पांढरा रंग घेतला. तू एकेक अक्षर सांगत गेलीस आणि मी काढत गेले. क्लॅरिंडा युजिनी हॉटन. पूर्ण. आडनावाशी रंग ओघळला, तर तू बोटाने पुसलास, आणि तो डाग कायमचा राहिला.

ती बॅग आपल्या कपाटावर आठ वर्षं होती. मी रोज सकाळी डोळे उघडले की पहिल्यांदा तेच दिसायचं. मंडळाचं उत्तर मी त्याच खोलीत बसून लिहिलं, पलंगाच्या कडेवर, पाठ कपाटाकडे करून.

मला ठाऊक होतं. लिहिताना, पाकीट चिकटवताना, पेटीत टाकताना, प्रत्येक वेळी ठाऊक होतं.

मला लाज वाटते पन्सी. एवढंच.

अ‍ॅडलिन

टोरांटो
२० एप्रिल

ब्लॉसम,

तिन्ही पत्रं मिळाली. माझं अक्षर अजून तसंच आहे, हसू नकोस. लिहायला दोन संध्याकाळी लागल्या.

तू बॅगेबद्दल लिहिशील का याची मी वाट बघत होते. पहिल्या पत्रात नव्हतं. दुसऱ्यात नव्हतं. दुसरं वाचून मी टेबलावर मूठ आपटली, गिऱ्हाईक दचकलं. तिसऱ्यात आलं म्हणून हे लिहिते.

आता माझं ऐक. मंडळाचा माणूस मे महिन्यात खोलीवर आला होता. तू कामावर होतीस. गोरा, वयस्क, भला वाटला. टोपी काढून माझ्या खुर्चीत बसला. म्हणाला, "मिस हॉटन, तुमची साक्षीदार म्हणते ती तुम्हाला ओळखत नाही. ती ओळखते असं दाखवणारं काही आहे तुमच्याकडे? एखादा कागद, फोटो, तिच्या हातचं काहीही?" बॅग त्याच्या डोक्याच्या वर, कपाटावर होती. मान वर केली असती तरी दिसली असती. तुझं अक्षर त्याच्याकडे होतंच, तू उत्तर हातानेच लिहिलं होतंस ना. दोन्ही शेजारी धरली असती की झालं.

तो खिशातून चष्मा काढत होता. मी उठले, टॉवेल वाळत घालायचं निमित्त केलं आणि बॅगेवर टाकला. मग म्हटलं, "नाही साहेब, माझ्याकडे काही नाही." त्याने फाइल बंद केली. जाताना मला म्हणाला, वाईट वाटतं. त्याला खरंच वाटत होतं.

आयोनीचं तिकीट ऑगस्टचं होतं. खोटी साक्ष दिली म्हणून तुझी नोकरी गेली असती तर ते पोर लाइम हॉललाच राहिलं असतं. तुझ्या आईनंतर तिला बघायला कोण होतं? मी ते पोरीसाठी केलं, तुझ्यासाठी नाही. हे नीट वाच. तुला मी माफ केलेलं नाही. करेन की नाही मला माहीत नाही. तू हसत हसत ती मयताची गोष्ट मला सांगितलीस ना, ते मला अजून जमत नाही. भीती वाटली असं म्हणाली असतीस तर मी तुझ्यापाशी बसले असते.

मी मशिनवर बसायला लायक होते, ब्लॉसम. ती बाई मला तोंडावर खोटं बोलली आणि मग सगळ्या कागदांनी मलाच खोटं ठरवलं. वर ते तुमच्या चर्चमध्ये विनोद म्हणून चालतं, हे मला मर्टलने इथे येऊन सांगितलं. माझ्याच दुकानात बसून. मी तिला चहा दिला.

पत्रकात छापायचं तर छापा. पण झालं तसं छापा, नाही तर माझं नाव घालू नका. घातलंत तर पूर्ण घाला. दुकानाच्या पाटीवर पूर्णच आहे.

क्लॅरिंडा युजिनी हॉटन

हँड्सवर्थ, बर्मिंगहॅम
७ मे १९७८

पन्सी,

तुझं पत्र मी चर्चच्या कपड्यांतच उभ्याने वाचलं. त्या टॉवेलचं वाचलं आणि खाली बसले. तो टॉवेल मला आठवतो. संध्याकाळी घरी आल्यावर मी तुला ओरडले होते, ओला टॉवेल बॅगेवर टाकतेस, पुठ्ठा भिजेल. तू तो उचलून दोरीवर टाकलास.

माफीची मागणी मी करत नाही. मागायचा हक्क कुठे ठेवला मी?

तुझं पत्र आयोनीच्या हातात दिलं. माझ्या पत्रांत होतं ते सगळं तोंडाने सांगितलं. अडखळत सांगितलं, कारण ही गोष्ट सांगायची मला सवय नाही, दुसरीची होती. ती खुर्चीत पाय वर घेऊन ऐकत होती, लहानपणी बसायची तशी. मग विचारलं, "म्हणजे आंटी पन्सीची नोकरी गेली ती माझ्यासाठी?"

मी म्हटलं, "तुझ्यामुळे नाही. मी केलं म्हणून."

"ममा, मी तसं नाही विचारलं."

मी म्हटलं, "हो. तुझ्यासाठी."

ती उठून आत गेली. बराच वेळ कपाटाचे खण उघडल्याचा आवाज येत होता. बाहेर आली ती तो पिवळा फ्रॉक घेऊन. खिडकीपाशी नेऊन तिने तो उलटा केला आणि आतली शिवण बघितली, काजं बघितली. म्हणाली, "मला केव्हाच कळायला हवं होतं. तुला काजं अशी येत नाहीत." आणि रडली, पन्सी. मोठ्याने, अकरा वर्षांच्या पोरीसारखी. मी जवळ गेले तर तिने हात पुढे करून मला थांबवलं. मी थांबले.

त्यानंतर तीन दिवस ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. तिला दोष देत नाही. चौथ्या दिवशी, गुरुवारी, सकाळी म्हणाली, "दुपारी केंद्रात ये. मला घरात हे लिहायचं नाही."

गेले. बाकावर चार जण होते, त्यांच्यामागे बसले. सिस्टर मर्टल होती, घरभाड्याचा कागद घेऊन. मला म्हणाली, "काय गं, आज तू इथे? ती नावाची गोष्ट सांगायला आलीस की काय?" मी म्हटलं, "नाही मर्टल, ती आता सांगणार नाही. ती खोटी होती." पुढच्या रविवारपर्यंत सगळ्या चर्चला कळेल. मी तिला कुणाला सांगू नकोस असं म्हटलं नाही.

माझी पाळी आली. आयोनीने मला समोरच्या खुर्चीत बसवलं, कोरा कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं. परक्या माणसाशी बोलावं तशी बोलली.

"नाव? हाकेचं नको, कागदावरचं."

मी पूर्ण सांगितलं. तिने लिहून घेतलं. रेबेका हे माझं मधलं नाव तिला माहीतच नव्हतं. तिने एकदा वर बघितलं आणि पुन्हा लिहायला लागली. मग मंडळाने विचारला होता तोच प्रश्न तिने विचारला, त्याच शब्दांत.

"मिस क्लॅरिंडा युजिनी हॉटन यांना आपण ओळखता का?"

"ओळखते," मी म्हटलं.

अ‍ॅडलिन रेबेका टुलक